देश गेला, माणूस कुठला?

१८ मे १९९१ रोजी सेर्गेई क्रिकाल्योव्ह नावाचा अंतराळवीर बैकोनूरच्या तळावरून ‘मीर’ या अवकाशस्थानकाकडे झेपावला, तेव्हा तो सोव्हिएत नागरिक होता. काही महिन्यांत परतायचे असा बेत होता. पण खाली जमिनीवर त्याच्या देशाची शकले पडू लागली, पैशाची ओढाताण सुरू झाली आणि त्याचा मुक्काम लांबत गेला. तो वर असतानाच त्याच्या जन्मगावाचे, लेनिनग्राडचे, नाव सेंट पीटर्सबर्ग झाले. डिसेंबरअखेर तर सोव्हिएत संघच नकाशावरून नाहीसा झाला. ३११ दिवसांनी, २५ मार्च १९९२ रोजी, क्रिकाल्योव्ह उतरला तो कझाकस्तानात; आणि कझाकस्तान आता परदेश होता. त्याच्यासोबत उतरलेला अलेक्सांद्र वोल्कोव्ह हा युक्रेनमधल्या होर्लिव्का गावी जन्मलेला. दोघेही सोव्हिएत म्हणून वर गेले होते. खाली आले तेव्हा ते विशेषण लावायला देशच उरला नव्हता.

एखादा देश संपतो तेव्हा झेंडा उतरतो, नाणी बदलतात, टपालाची तिकिटे संग्राहकांच्या वह्यांत जाऊन बसतात. या सगळ्याची तारीख सांगता येते. पण त्या देशातल्या माणसांना जे नाव होते त्याचे काय होते? ते एका रात्रीत पुसले जात नाही. कधी ते चहाला किंवा जुळ्या मुलांना चिकटून राहते, कधी शेजाऱ्यांच्या तोंडी टोमणा म्हणून उरते, आणि कधी जिवंत माणसेच ते सोडायला तयार नसतात. अशा माणसांना त्याची किंमतही मोजावी लागते. शब्दाच्या शेवटी ‘ई’ लावायचा की ‘अन’, एवढ्यापुरता हा प्रश्न असता तर तो व्याकरणाच्या पुस्तकात ठेवून देता आला असता.

सगळेच ‘रशियन’?

‘सोव्हिएत’ या शब्दाचा अर्थ परिषद, आपल्या भाषेत सांगायचे तर पंचायत. ‘सोव्हिएत समाजवादी गणराज्यांचा संघ’ या भल्यामोठ्या नावात एकाही प्रदेशाचे नाव नव्हते. त्यामुळे तिथल्या माणसाला ‘सोव्हिएत’ म्हणणे म्हणजे जवळजवळ ‘पंचायतवाला’ म्हणण्यासारखे होते. आपण भारतीयांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. आपण सगळ्यांनाच रशियन म्हणत असू. मॉस्कोत छापलेली, स्वस्त आणि सुबक मराठी पुस्तके ज्यांनी लहानपणी वाचली, त्यांच्या लेखी ती सगळी ‘रशियन गोष्टींची’ पुस्तके होती, मग गोष्ट युक्रेनची असो की उझबेकांची. स्टॅलिन हा जॉर्जियाचा, बुद्धिबळातला जगज्जेता मिखाईल ताल लॅटव्हियातल्या रिगाचा, तिग्रान पेट्रोस्यान आर्मेनियन. पण आपल्याकडे सगळ्यांची बोळवण एकाच शब्दात.

युक्रेनच्या माणसाला हे का खुपते, हे २०२२ नंतर तरी समजावून सांगायची गरज नाही.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ही पंचाईत साऱ्या जगाने पाहिली. बाल्टिक किनाऱ्यावरचे तीन देश आपापल्या झेंड्याखाली आले होते. उरलेल्या बारा गणराज्यांचा मिळून ‘एकत्रित संघ’ उतरला. त्यांना एक विशेषण नव्हते, म्हणून ‘संघ’ एवढेच म्हटले गेले. त्या संघाने ४५ सुवर्णपदके मिळवून सगळ्यांना मागे टाकले. वैयक्तिक स्पर्धा जिंकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या गणराज्याचा झेंडा मिळत असे. सांघिक विजय झाला की मात्र ऑलिम्पिकचा पाच कड्यांचा झेंडा वर जाई.

खुद्द रशियात एक गंमत आहे. रशियन भाषेत ‘रशियन’साठी दोन शब्द आहेत. ‘रुस्की’ म्हणजे वंशाने, भाषेने रशियन. ‘रोस्सियानिन’ म्हणजे रशिया या देशाचा नागरिक, मग तो तातार असो, चेचेन असो की बुर्यात. येल्त्सिन आपल्या भाषणांत आवर्जून हा दुसरा शब्द वापरीत. मराठीत दोघांनाही रशियनच म्हणावे लागते. भाषांतर करणाऱ्यांची इथे खरी कसोटी लागते.

सर्वांत मोठी फसवणूक

सोव्हिएत माणसाला निदान मागे जायला एक घर होते. कोणी कझाक झाला, कोणी आर्मेनियन. पण युगोस्लाव्हियात लाखो लोक असे होते की त्यांना ‘युगोस्लाव्ह’ याखेरीज दुसरे नावच नको होते. या सगळ्या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

‘युग’ म्हणजे तिकडच्या भाषेत दक्षिण. युगोस्लाव्ह म्हणजे दक्षिणेकडचे स्लाव. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ साली सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे मिळून एक राज्य झाले, १९२९ मध्ये त्याला युगोस्लाव्हिया हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल टिटोंनी सहा गणराज्यांचा देश उभा केला. पंडित नेहरू, नासर आणि टिटो ही अलिप्ततावादाची त्रयी आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगली आठवते. जनगणनेत तिथे प्रत्येकाला आपले राष्ट्रीयत्व सांगावे लागे: सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसिडोनियन, मॉन्टेनेग्रिन, मुस्लिम, अल्बेनियन, हंगेरियन वगैरे. त्यात ‘मुस्लिम’ हे केवळ धर्माचे नाव नव्हते. १९७१ च्या जनगणनेत बोस्नियातल्या मुसलमानांना एक स्वतंत्र ‘राष्ट्र’ म्हणून तो रकाना मिळाला होता. देव न मानणारा साम्यवादी कार्यकर्ताही राष्ट्रीयत्वाने मुस्लिम असू शकत असे!

आणि याच यादीत आणखी एक पर्याय होता: युगोस्लाव्ह. १९८१ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहून अधिक लोकांनी, तो निवडला. हे लोक कोण होते? बरेचसे शहरात राहणारे, सैन्यात नोकरी केलेले, आणि पुष्कळ जण मिश्र विवाहांतून जन्मलेले. वडील सर्ब, आई क्रोएट, आजी बोस्नियाची मुसलमान, बायको स्लोव्हेन. अशा घरातल्या मुलाने काय लिहावे? आईचे लिहावे तर वडील नाराज, वडिलांचे लिहावे तर आई. त्यापेक्षा ‘युगोस्लाव्ह’ लिहिणे सोपेही होते आणि मनाला पटणारेही.

२५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बोस्नियात युद्ध पेटले. त्यानंतर ‘तू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावरच्या तपासनाक्यावर द्यावे लागू लागले, आणि तिथे ‘युगोस्लाव्ह’ हे उत्तर चालत नव्हते. नाव, आडनाव, बापाचे नाव पाहून माणसाची बाजू ठरवली जाई. ज्या घरात तीन नावे एकत्र नांदत होती तिथे आता कोणाच्या बाजूच्या गावात जाऊन राहायचे, हा जीवनमरणाचा प्रश्न झाला.

१९९५ मध्ये डेटन करार होऊन युद्ध थांबले. बोस्नियाच्या नव्या घटनेत तीन लोकसमूह ‘घटक’ म्हणून मान्य झाले: बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब. (‘मुस्लिम’ऐवजी ‘बोस्नियाक’ हे नाव त्या समाजाने १९९३ मध्ये स्वीकारले होते.) बाकी सगळे ‘इतर’. राष्ट्राध्यक्षपद तिघांचे मिळून, प्रत्येक समूहाचा एक. याचा अर्थ, जो स्वतःला या तिघांपैकी काहीच म्हणवत नाही, तो त्या पदासाठी उभाच राहू शकत नाही. देर्वो सेयदिच हे रोमा आणि याकोब फिंची हे ज्यू, या दोन नागरिकांनी याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दार ठोठावले. २००९ च्या डिसेंबरात निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण न्यायालयाने सांगितले म्हणून घटना लगेच बदलली असे झाले नाही. त्यानंतर एक तप उलटून गेले तरी ‘इतर’ हे इतरच राहिले.

खोडलेली माणसे

स्लोव्हेनियाची कथा आणखी वेगळी, आणि ती बंदुकीशिवाय घडली. युगोस्लाव्ह काळात सर्बिया, बोस्निया, क्रोएशियातून पुष्कळ लोक नोकरीधंद्यासाठी स्लोव्हेनियात येऊन वसले होते. एकच देश होता, त्यामुळे नाशिकचा माणूस इंदूरला स्थायिक व्हावा तसे ते होते. स्वातंत्र्यानंतर त्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. अनेकांनी केला. काहींना वाटले, आपण इथेच तर राहतो, आपल्याला कशाला अर्ज? काहींचा अर्ज फेटाळला गेला. आणि २६ फेब्रुवारी १९९२ रोजी अशा २५ हजारांहून अधिक लोकांची नावे रहिवाशांच्या कायमच्या नोंदणीतून काढून टाकण्यात आली. त्यांना कोणी पत्र पाठवले नाही. कोणी वाहन परवाना नव्याने काढायला गेला, कोणी मुलाचा जन्म नोंदवायला गेला, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने हातातला कागद ठेवून घेतला तेव्हा कळले की आपण कागदोपत्री अस्तित्वातच नाही. नोकरी, निवृत्तिवेतन, सरकारी दवाखाना, सगळ्याला मुकावे लागले. ‘युगोस्लाव्ह’ हे त्यांचे जुने पारपत्र आता कोणत्याही देशाचे नव्हते.

स्लोव्हेन भाषेत त्यांना ‘इझब्रिसानी’ म्हणतात, म्हणजे ‘खोडलेले’. एका नाहीशा झालेल्या देशाच्या लोकांना मिळालेले हे नवे नाव! २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हेनियाला दोषी धरले आणि भरपाईची योजना करायला लावली. २०२२ मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी या लोकांची जाहीर माफी मागितली. तोवर त्या घटनेला तीस वर्षे झाली होती.

सर्बियात मात्र ‘युगोस्लाव्ह’ हा रकाना जनगणनेत चालूच राहिला. युगोस्लाव्हिया हे नाव २००३ साली सरकारी कागदांवरूनही गेले. त्यानंतर २०११ च्या मोजणीत तेवीस हजारांवर लोकांनी स्वतःला युगोस्लाव्ह म्हणवून घेतले. म्हातारी माणसे जातील तसा हा आकडा घटत जाणार, असे कोणालाही वाटेल. २०२२ मध्ये तो सत्तावीस हजारांवर गेला.

विशेषणासाठी करार

मदर तेरेसांचा जन्म १९१० साली स्कोप्ये शहरात झाला, तेव्हा ते तुर्की ऑटोमन साम्राज्यात होते. त्या शाळेत जायच्या वयाच्या होईपर्यंत ते सर्बियाकडे गेले, पुढे युगोस्लाव्हियात. आज ते उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. मग मदर तेरेसा कुठल्या? त्या स्वतः सांगत की रक्ताने आपण अल्बेनियन आणि नागरिकत्वाने भारतीय. प्रश्न मिटला. पण त्यांच्या जन्मगावाच्या देशाचा प्रश्न असा चटकन मिटणारा नव्हता.

१९९१ मध्ये मॅसिडोनिया स्वतंत्र झाला तेव्हा शेजारच्या ग्रीसने हरकत घेतली. ग्रीसच्या उत्तर भागालाही मॅसिडोनियाच म्हणतात, आणि सिकंदराचा वारसा दुसऱ्या कोणी सांगावा हे ग्रीकांना मान्य नव्हते. मधला मार्ग म्हणून १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात त्या देशाला ‘भूतपूर्व युगोस्लाव्ह गणराज्य मॅसिडोनिया’ या नावाने प्रवेश मिळाला. नवाकोरा देश, पण त्याच्या नावातच ‘भूतपूर्व’! पाव शतक त्याने हे ओझे वाहिले.

अखेर जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव लागू झाले. या करारात नुसते देशाचे नाव नाही, तर विशेषणेही ठरवून दिली आहेत. सरकार, संसद, सैन्य यांच्यापुढे ‘उत्तर मॅसिडोनियाचे’ असे लावायचे. पण भाषा मात्र ‘मॅसिडोनियन’च. पारपत्रावर नागरिकत्वापुढे लिहायचे ‘मॅसिडोनियन / उत्तर मॅसिडोनिया गणराज्याचा नागरिक’. ‘उत्तर मॅसिडोनियन’ असे माणसाला म्हणायचे नाही. आपल्याकडच्या वृत्तपत्रांत हा शब्द सर्रास येतो. तिथल्या माणसाला तो कानाखाली वाजवल्यासारखा लागतो. षष्ठीचा प्रत्यय लावायचा की विशेषण करायचे, यासाठी दोन देशांचे परराष्ट्रमंत्री वाटाघाटीला बसले, असे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

जर्मनीत तर देश दोनाचे एक झाले, तुटले नाहीत. ३ ऑक्टोबर १९९० रोजी पूर्व जर्मनी संपला. कायद्याने सगळे फक्त जर्मन. पण पूर्वेकडचा तो ‘ओस्सी’ आणि पश्चिमेकडचा तो ‘वेस्सी’, ही नावे राहिली. भिंत पडल्यानंतर वीस वर्षांनी एका बाईला नोकरीच्या अर्जाचे कागद परत आले, त्यावर वजाचे चिन्ह काढून ‘ओस्सी’ असे लिहिलेले होते. तिने दावा लावला. २०१० मध्ये श्टुटगार्टच्या कामगार न्यायालयाने निर्णय दिला की ‘ओस्सी’ हा शब्द अपमानास्पद असू शकेल, पण ओस्सी ही काही स्वतंत्र वांशिक जमात नव्हे. म्हणून वांशिक भेदभावाचा कायदा इथे लागू होत नाही. म्हणजे टोमणा मारण्यापुरते ते वेगळे, दाद मागायला गेले की मात्र सारखे.

यवन, फिरंगी आणि इराण्याचा चहा

हे सगळे दूर युरोपातले झाले. पण बुडालेल्या देशांची नावे आपण मराठी माणसे रोजच्या बोलण्यात वापरतो, आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

‘यवन’ हा शब्द घ्या. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक प्रदेश होता. इराणी लोक तिथल्या ग्रीकांना ‘यौन’ म्हणत, त्यावरून संस्कृतात यवन आले. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट इथल्या यवनांनी दान दिल्याचे शिलालेख आहेत. पुढे हाच शब्द आपण पश्चिमेकडून येणाऱ्या कोणाही परक्याला लावला, आणि मध्ययुगात मुसलमानांना. आयोनियाशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांना आयोनियन म्हणणारे आपणच! आणि खुद्द आयोनियाच्या किनाऱ्यावरचे ग्रीक? १९२२-२३ च्या युद्धात आणि लोकसंख्येच्या अदलाबदलीत त्यांना तो किनारा सोडावा लागला.

‘फिरंगी’ची गोष्ट अशीच. फ्रँक ही जर्मानिक टोळी. तिचे साम्राज्य केव्हाच लयाला गेले, पण अरबी-फारसीत ‘फरंग’ म्हणजे सगळे युरोप झाले. आपल्याकडे फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. त्यांच्याकडून आलेल्या लांब सरळ पात्याच्या तलवारीला मराठ्यांनी ‘फिरंग’ म्हटले, आणि वैद्यांनी त्यांच्यामागोमाग आलेल्या गुप्तरोगाला ‘फिरंगरोग’. डचांना आपण ‘वलंदेज’ म्हणत होतो, तेही पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकून.

एक उदाहरण मात्र खास मुंबईचे. इराणमध्ये पार्स नावाचा प्रांत आहे. त्यावरून ग्रीकांनी सगळ्या देशालाच ‘पर्सिया’ म्हटले. त्या देशातून शेकडो वर्षांपूर्वी गुजरातेत संजाणला उतरलेले झरथुष्ट्री ते ‘पारशी’. आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकात यझ्द आणि केरमानकडून आलेले त्याच धर्माचे लोक ते ‘इराणी’, ज्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर ब्रून-मस्का आणि पाणी कमी चहाची हॉटेले काढली. देश एकच, धर्म एकच. फरक फक्त आले त्या काळाचा. १९३५ मध्ये इराण सरकारने परदेशांना कळवले की आम्हाला ‘पर्सिया’ नव्हे, ‘इराण’ म्हणा. मुंबईकर त्याआधीपासून इराण्याच्या हॉटेलात चहा पीत होता! हबशी हलवा खाताना मात्र हबशाण, म्हणजे ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया कोणाला आठवतो?

कधी कधी नाव मागाहून, माणसे मेल्यावर दिले जाते. कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या साम्राज्याला इतिहासाच्या पुस्तकात ‘बायझंटाइन’ म्हणतात. ते लोक स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत होते. १४५३ मध्ये त्यांचे राज्य बुडाले आणि त्यानंतर शंभर वर्षांनी, १५५७ मध्ये, हिएरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाच्या ग्रंथामुळे ‘बायझंटाइन’ हे नाव प्रचारात येऊ लागले. तुर्कांनी मात्र त्यांना ‘रूम’च म्हटले, म्हणजे रोमचे. बल्खकडून येऊन कोन्यात राहिलेले संतकवी जलालुद्दीन ‘रूमी’ झाले ते यामुळेच. इस्तंबूलमध्ये उरलेल्या मूठभर ग्रीक ख्रिस्ती लोकांना आजही रूम म्हणतात.

सयामी जुळी, सिलोनचा रेडिओ

काही देशांनी नाव बदलले, पण जुने विशेषण वस्तूंवर राहिले. श्रीलंका १९७२ पासून श्रीलंका आहे. पण १९५२ साली अमीन सयानींनी ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली ती रेडिओ सिलोनवरून, आणि देशाचे नाव बदलल्यावरही आपल्या घराघरांतून लोक सुई फिरवत शोधत होते ते सिलोनच. २०११ मध्ये श्रीलंका सरकारने आपल्या संस्थांच्या नावांतून ‘सिलोन’ काढायचे ठरवले. चहा मात्र ‘सिलोन टी’च राहिला, कारण त्या नावावर चहा खपतो.

सयामचे थायलंड झाले १९३९ मध्ये. पण शरीराने जोडलेली मुले जन्मली की आपली वर्तमानपत्रे ‘सयामी जुळी’ लिहून मोकळी होतात. चँग आणि एंग हे दोघे भाऊ १८११ मध्ये सयामात जन्मले, अमेरिकेत प्रसिद्धीस आले, तिथेच लग्ने करून शेती केली. त्यांचे वडील चिनी होते, आणि खुद्द सयामात त्यांना ‘चिनी जुळे’ म्हणत. म्हणजे हे नाव मुळातच अर्धवट होते. शिवाय आपल्या देशाचे जुने नाव एका शारीरिक व्यंगाला चिकटलेले कोणत्या थाई माणसाला आवडेल? ‘जोडलेली जुळी’ हा शब्द सरळ आहे, डॉक्टरही आता तसेच म्हणतात. आपणही म्हणायला हरकत नाही. सिलोनच्या चहाला मात्र सिलोनचाच राहू द्यावा. ज्याचे त्याला ते आवडते, एवढी कसोटी पुरेशी आहे.

आपल्या घरातले

महाराष्ट्रात तरी सगळे एकाच देशाचे होते का? निजामाचे राज्य १९४८ मध्ये संपले. पण त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे पुण्या-नगरकडची माणसे मराठवाड्याला ‘मोगलाई’ म्हणत. निजामाचा मूळ पुरुष मोगलांचा सुभेदार. दिल्लीचे मोगल गेले, पण औरंगाबाद-बीडकडचा माणूस आपला ‘मोगलाईतला’. इंग्रजी अमदानीत पुण्याचा माणूस कायद्याने ‘ब्रिटिश प्रजाजन’ असे, आणि कोल्हापूर, बडोदे, इंदूर संस्थानांतला माणूस ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. सासर पुण्यात आणि माहेर कोल्हापुरात असलेल्या कितीतरी बायका नकळत एका कायदेशीर नावातून दुसऱ्यात गेल्या असतील!

गोव्यात तर हा प्रश्न आजही घरोघरी आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६२ च्या आदेशाने तिथल्या लोकांना भारतीय नागरिकत्व मिळाले. पण मुक्तीपूर्वी जन्मलेला गोवेकर पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज. त्याची मुले आणि नातवंडेदेखील लिस्बनला जन्माची नोंद करून ते नागरिकत्व मिळवू शकतात. पोर्तुगीज पारपत्रावर युरोपात काम मिळते म्हणून हजारोंनी हा मार्ग धरला. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे इथला मतदानाचा हक्क सोडावा लागतो. ज्या राज्याविरुद्ध आजोबांनी सत्याग्रह केला त्याच राज्याचे विशेषण नातू पोटासाठी लावून घेतो, असे एखाद्या घरात घडले तर त्यात दोष कोणाला द्यायचा?

आणि ढाक्यात ‘बिहारी’ आहेत. १९४७ मध्ये बिहार आणि आसपासच्या भागातून उर्दू बोलणारे मुसलमान पूर्व पाकिस्तानात गेले. तिथे त्यांना बिहारी हेच नाव पडले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तान नाहीसा झाला, बांगलादेश झाला, आणि पाकिस्तानची बाजू घेतल्याचा ठपका असलेले हे लोक छावण्यांत अडकले. पाकिस्तानने थोड्यांना नेले, बाकीच्यांना ‘अडकून पडलेले पाकिस्तानी’ असे नवे नाव मिळाले. ज्यांनी पाकिस्तान कधी पाहिला नाही, बिहार तर त्याहून नाही, अशी मुले त्या छावण्यांत जन्मली आणि वाढली. २००८ च्या मे महिन्यात ढाक्याच्या उच्च न्यायालयाने, १९७१ मध्ये जे अज्ञान होते किंवा त्यानंतर जन्मले त्यांना बांगलादेशी नागरिक मानले. मतदार यादीत नावे आली. मोहल्ल्यात त्यांना अजून बिहारीच म्हणतात.

आपल्याकडच्या सिंध्यांची गोष्ट निराळी. सिंध हा प्रांत फाळणीत पलीकडे गेला. राष्ट्रगीतातला ‘सिंध’ हा शब्द काढावा, असा अर्ज घेऊन एक गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २००५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. सिंधी भाषा १९६७ पासून घटनेच्या आठव्या परिशिष्टात आहे, तिचे राज्य भारतात कुठेच नसले तरी. उल्हासनगरच्या सिंध्याला ‘तुम्ही कुठले?’ विचारले तर तो उल्हासनगरचे म्हणतो, आणि ‘तुम्ही कोण?’ विचारले तर सिंधी. दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि दोन्हींत विसंगती नाही.

अशा घरातल्या एखाद्या आजी पारपत्राचा अर्ज भरायला बसल्या की जन्मस्थानाच्या रकान्याशी अडखळतात. जन्म कराचीचा किंवा शिकारपूरचा, साल १९४० च्या आसपासचे. पाकिस्तान लिहावे तर तेव्हा पाकिस्तान नव्हता. भारत लिहावे तर ते गाव आज भारतात नाही. १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी जन्मलेल्या अशा अर्जदारांसाठी सरकारने एक सोय केली आहे: गावाचे नाव लिहायचे आणि देशाच्या रकान्यात ‘अविभाजित भारत’ असे भरायचे.